बॅटरी किती उरलीय, हे मालकाला कळलंच पाहिजे

इलेक्ट्रिक गाडी घेऊन मला आता पाच वर्षं होत आली आणि एवढ्या काळात पिकअप कसाय, चार्जिंगला किती वेळ लागतो हे फार कमी लोकांनी विचारलं, विचारतात ते एकच, बॅटरी गेली की काय करणार? सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलंय, अक्कलकोट रोड एमआयडीसीत मी ज्या टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघते तिथे येणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याने विचारलंय, लग्नाच्या पंगतीत वाढपी थांबून विचारून गेलाय. आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यासमोर असते ती घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी. लोडशेडिंगच्या दिवसांत आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आले, तेव्हापासून बॅटरी म्हणजे काय हे आपण शिकलो, म्हणजे अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालायचं, चार-पाच वर्षांत बॅकअप कमी कमी होत जातो, मग दुकानदार जुनी बॅटरी वजनावर घेतो आणि नवी बसवून जातो. लेड-ॲसिडवर ई-रिक्षा चालवणाऱ्यांना तर त्याच्याही आधी नवा सेट घ्यावा लागतो. मग पंधरा लाखांच्या गाडीचं असंच झालं तर, ही भीती वाटणं साहजिक आहे.

ही भीती खोटी नाही. पण आपण ती चुकीच्या जागी धरून बसलोय आणि खरं जिथे बोट ठेवायला पाहिजे तिथे कुणीच ठेवत नाही, म्हणून हे सगळं लिहायला बसले.

आधी बॅटरीचं बघू. गाडीतली लिथियमची बॅटरी इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखी चार-पाच वर्षांत बसत नाही, ती वर्षानुवर्षं हळूहळू आटते. सेलच्या आत ग्रॅफाइटवर एक पातळ थर जमत जातो, त्या थरात थोडं थोडं लिथियम अडकून पडतं आणि ते परत कामाला येत नाही. सुरुवातीच्या वर्षात हे जरा जोरात होतं, नंतर सावकाश. गाडी पळवली की बॅटरी झिजते हे सगळ्यांना माहितीये, पण नुसती उभी ठेवली तरी झिजते, आणि सगळ्यात जास्त झिजते ती १०० टक्के भरून उन्हात उभी केली की. तापमान १० अंशांनी वाढलं की असल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो असा ठोकताळा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला असतो, डांबरावर उभ्या गाडीखाली हात घालून बघा. तेव्हा सोलापुरात हा विषय पुस्तकातला नाही, रोजचा आहे.

आता आकडा सांगते. कॅनडातली जिओटॅब ही कंपनी हजारो गाड्यांचा डेटा गोळा करते, त्यांनी २०१९ मध्ये हिशोब काढला तेव्हा बॅटरी वर्षाला सरासरी २.३ टक्क्यांनी कमी होत होती आणि २०२४ च्या हिशोबात १.८ टक्क्यांनी. १.८ ने आठ वर्षं धरली तर चौदा-साडेचौदा टक्के जातात, म्हणजे ८५ टक्के बॅटरी शिल्लक. हे तिकडच्या हवेतलं आहे हे मान्य, आपल्याकडे जास्त जाणार हे धरूनच चालायचं, तरी गाडी भंगारात काढावी असं त्यात काही नाही. माझ्या गाडीने नवी असताना एसी लावून २१० किलोमीटर दिले होते, आता १९० च्या आसपास देते, आणि मी तिला फार जपते असंही नाही, फक्त भर दुपारी चार्ज लावत नाही आणि कारखान्यात लिंबाखालची जागा सोडत नाही. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत एलएफपी म्हणजे लोह-फॉस्फेटवाले सेल असतात, ते उष्णतेला त्यातल्या त्यात चिवट. त्यांचं व्होल्टेज चार्ज कमी-जास्त झाला तरी जवळजवळ सारखंच राहतं त्यामुळे गाडीच्या बीएमएसचा, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या कॉम्प्युटरचा अंदाज चुकू नये म्हणून मधूनमधून पूर्ण १०० करावं लागतं, तेवढं मी आठवड्यातून एकदा करते, रात्री, म्हणजे सकाळी लगेच निघता येतं.

पैशाचं पण सांगून टाकते कारण त्याशिवाय कुणी ऐकत नाही. माझं वर्षाला १२,००० किलोमीटर होतं. पेट्रोलच्या गाडीला किलोमीटरमागे सात रुपये, घरच्या चार्जिंगला दोनच्या आत, म्हणजे हात राखून धरलं तरी पाच रुपये वाचतात, वर्षाला ६० हजार, पाच वर्षांत तीन लाख. आणि ब्लूमबर्ग या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीप्रमाणे जगात बॅटरी पॅकचा, म्हणजे गाडीतल्या अख्ख्या बॅटरीचा, सरासरी भाव किलोवॅट-तासाला, म्हणजे एका युनिटच्या साठवणीला, ११५ डॉलर होता, २०१० च्या सुमारास तोच हजार डॉलरच्या पुढे होता. ३० किलोवॅट-तासाच्या छोट्या गाडीचा पॅक त्या भावाने तीन लाखांच्या आसपास येतो. ग्राहकाच्या हातात त्या भावाने पडत नाही, त्यावर येतेच मी पुढे. पण आठ-दहा वर्षांनी पॅक बदलायची वेळ आलीच तर माणूस बुडेल असं गणित हे नाही.

मग अडलंय कुठे? अडलंय ते इथे, की बॅटरी किती उरलीय हे गाडीच्या मालकालाच माहीत नसतं.

मीटरवर १०० टक्के दिसतात ते उरलेल्या बॅटरीचे १०० टक्के असतात. आपण सोलापूरकरांना हे उजनीवरून लगेच कळेल. धरण शंभर टक्के भरलं अशी बातमी आली की सगळे खूश, पण तळाला इतक्या वर्षांचा गाळ आहे आणि तो पाण्याची जागा खाऊन बसलाय हे त्या शंभरात दिसत नाही. गाडीचं तसंच. नव्या गाडीचे १०० आणि सात वर्षं पळालेल्या गाडीचे १०० स्क्रीनवर अगदी सारखे दिसतात. गाळ किती साचलाय ते सांगणारा वेगळा आकडा असतो, त्याला एसओएच म्हणतात, म्हणजे बॅटरीची तब्येत, तो गाडीच्या कॉम्प्युटरला माहीत असतो, सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरलाही दिसतो, फक्त ज्याने पैसे मोजलेत त्याला दिसत नाही. निदान मी आजवर ज्या गाड्यांत बसलेय त्यातल्या एकाही गाडीच्या स्क्रीनवर मला तो सापडलेला नाही.

यातून काय होतं ते घरातच बघितलं. माझ्या धाकट्या दिरांनी मागच्या वर्षी पुण्याच्या एका डीलरकडून चार वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक गाडी साडेसात लाखांना घेतली. डीलर म्हणाला बॅटरी एकदम मस्त, बघा फुल चार्ज होते. मे महिन्यात पुण्याला निघाले, इथून १०० टक्के भरून, आणि तासा-दीड तासाने मला फोन.

"वहिनी, टेंभुर्णीच्या पुढे आलोय. ५० वर होती, एकदम १९ दाखवायला लागली. चाळीसच्या वर पळेना."

"एसी बंद करा भावजी, डाव्या लेनने जावा, हायवेच्या हॉटेलपाशी चार्जर असेल तिथे लावा आधी. पोरं घाबरलीत का?"

"पोरं झोपलीत. मीच घाबरलोय."

परत आल्यावर सर्व्हिस सेंटरला दाखवली. तिथल्या माणसाने स्कॅनर लावला, स्क्रीन स्वतःकडे फिरवून घेतली आणि सांगितलं की पॅक बदलावा लागेल. भावजींनी रिपोर्ट मागितला तर म्हणे ग्राहकाला रिपोर्ट देत नाही. वॉरंटी आठ वर्षांची होती पण आधीच्या मालकाने दोन सर्व्हिसिंग चुकवल्या होत्या म्हणून ती पण नाही म्हणाले. नव्या पॅकचं एस्टिमेट साडेपाच लाख. साडेसात लाखाच्या गाडीला! आमच्या सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

मग होटगी रोडच्या एका गॅरेजमधला पोरगा, एरवी पेट्रोल गाड्यांच्या सेन्सरची कामं करतो, तो म्हणाला आणा इकडे. त्याने स्टिअरिंगखाली गाडीचा कॉम्प्युटर मोबाईलला जोडणारं एक डोंगल लावलं, काही शे रुपयांना मिळतं ते, आणि मोबाईल उघडला. गाडीत शंभर-एक सेल एकामागे एक ओळीने जोडलेले असतात, त्या सगळ्यांचं व्होल्टेज त्याच्या मोबाईलवर उभ्या काड्यांसारखं दिसायला लागलं. तो भावजींना म्हणाला जरा ॲक्सिलेटर दाबून पुढे घ्या, आणि मी शेजारून बघत होते, सगळ्या काड्या एकसारख्या जराशा खाली आल्या, ३.२ च्या जवळपास, आणि एक काडी धपकन ३ च्या खाली गेली. फणीचा एक दात मोडल्यावर दिसतं ना तसं. गाडी थांबली की ती काडी परत वर. म्हणजे एवढ्या मोठ्या पॅकमधला एक सेल, फार तर तो ज्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे सेलच्या गठ्ठ्यात आहे ते मॉड्यूल, एवढाच बिघाड. ओळीत जोडलेले असल्यामुळे सगळ्यात अशक्त सेल जेवढं चालेल तेवढीच गाडी चालते, म्हणून ती ५० वरून १९ वर कोसळली.

आमच्या घरी सासऱ्यांच्या वेळेपर्यंत माग होते. मागाचा पिकर फाटला, धोटा घासला, तर जॉबर यायचा, पिकर बदलायचा, धोटा बदलायचा आणि तासाभरात खटखट परत सुरू. अख्खा माग बदला असं सांगणाऱ्या जॉबरला सोलापुरात कुणी पुन्हा बोलावलं नसतं. या गावाची चादर जगभर गेली ती अशा दुरुस्त करून करून चालवलेल्या मागांवरून. मग एका सेलसाठी साडेपाच लाखाचा पॅक हा कुठला न्याय झाला, हे मला अजून पटलेलं नाही.

हे फक्त आमच्या घरचं रडगाणं म्हणून सांगत नाहीये. जरा तारखा बघा. टाटाची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली, बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर वॉरंटी. म्हणजे अगदी पहिल्या गाड्या २०२८ पासून वॉरंटीबाहेर पडायला लागणार, आणि मग दरवर्षी आदल्या वर्षीपेक्षा जास्त. तोवर त्यातल्या कितीतरी पहिल्या मालकाकडे नसतील. पुण्या-मुंबईत लोक चार-पाच वर्षांनी गाडी बदलतात आणि ती जुनी गाडी येते कुठे तर सोलापूर, बार्शी, लातूर, धाराशिव इकडे. आपण सेकंडहँड घेणारी माणसं. नवी गाडी ज्यांना झेपते त्यांना कंपन्या आता चांगली वॉरंटी देतात, २०२४-२५ पासून टाटा, महिंद्रा, एमजी यांनी काही मॉडेलला लाइफटाइम बॅटरी वॉरंटी जाहीर केलीय, ही चांगलीच गोष्ट आहे, पण ते लाइफटाइम पहिल्या मालकाचं. गाडी विकली की ते संपतं. म्हणजे बॅटरी म्हातारी होणार आपल्या दारात, आपल्या उन्हात, आणि कागद मात्र तिकडच्या मालकाच्या नावाचा.

आकडा दिसला की काय होऊ शकतं याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहर आहे, वाळवंटातलं, उन्हाळा आपल्यापेक्षा कडक. तिथे २०१२ मध्ये निसान लीफवाल्यांनी तक्रारी सुरू केल्या की बॅटरी फार लवकर उतरतेय. त्या गाडीत बॅटरी थंड ठेवायला पाण्याची वगैरे सोय नव्हती. पण एक होतं, लीफच्या डॅशबोर्डवर पहिल्यापासून बॅटरीच्या क्षमतेच्या १२ काड्या दिसायच्या, चार्जच्या नाही हां, क्षमतेच्या. त्यामुळे लोकांना मोजता आलं, माझी एक गेली, तुझ्या दोन गेल्या, फोटो काढता आले, एकत्र येता आलं. प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी कंपनीने २०१३ मध्ये क्षमतेची वॉरंटी दिली, ५ वर्षं किंवा ६०,००० मैलांत काड्या ९ च्या खाली गेल्या तर बॅटरी दुरुस्त किंवा बदलून देऊ म्हणून, आणि पुढे उष्णता सोसणारी बॅटरी पण आणली. आता विचार करा, त्या गाडीत काड्याच नसत्या तर? प्रत्येक जण आपापल्या घरी बसून म्हणाला असता की माझंच काहीतरी चुकत असेल, एसी जास्त लावला असेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की तो आकडा प्रत्येक गाडीच्या स्क्रीनवर किंवा ॲपमध्ये दिसलाच पाहिजे असा नियम सरकारने करावा, आणि गाडी नावावर करताना फॉर्म २९ आणि ३० जोडतो तसा बॅटरीच्या तब्येतीचा छापील रिपोर्ट आरटीओला जोडणं सक्तीचं करावं. पेट्रोलच्या जुन्या गाडीला आपण पीयूसी मागतोच ना. इलेक्ट्रिक गाडीत धूर नाही म्हणून पीयूसी नाही, ठीक, पण तिच्यातला सगळ्यात महागडा जो भाग आहे त्याचा एकही कागद नाही हे कसं चालेल? बँकवाल्यांनाही हे सोयीचं आहे, सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडीला कर्ज देताना ते आज अंधारात हात घालतात आणि मग व्याज चढवतात किंवा नको म्हणतात.

यावर कंपन्यांचं म्हणणं मला माहितीये. एक म्हणजे एसओएच हा अंदाज असतो, थंडी-उन्हाने दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतो, लोक उगाच घाबरतील. होऊ दे की. साखरेच्या मशीनमध्ये घरी तपासलं तरी दहा-पंधरा इकडेतिकडे होतं, म्हणून डॉक्टर पेशंटपासून आकडा लपवत नाहीत. आणि हे अशक्य पण नाही, संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर २०२२ मध्ये यासाठी जागतिक तांत्रिक नियम झालाय, २२ नंबरचा, त्यात ५ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरपर्यंत ८० टक्के आणि ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत ७० टक्के ऊर्जा शिल्लक राहिली पाहिजे अशी किमान रेघ आहे आणि उरलेली क्षमता ग्राहकाला बघता आली पाहिजे असंही आहे. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून इलेक्ट्रिक गाडीच्या प्रत्येक बॅटरीला डिजिटल पासपोर्ट, म्हणजे तिच्या माहितीची ऑनलाइन नोंद लागणार. आपल्याकडे बॅटरीला आधारसारखा नंबर द्यायची चर्चा सुरू झालीय. व्हावंच ते, पण नंबर देऊन आत मालकाला काही बघायला मिळणार नसेल तर त्या नंबरचं काय करायचं.

दुसरं म्हणणं सुरक्षिततेचं, आणि ते मात्र शंभर टक्के खरं आहे. पॅकमध्ये तीनशे व्होल्टच्या वर डीसी करंट असतो, चुकून हात लागला तर माणूस जागेवर जातो. २०२२ मध्ये स्कूटरना आगी लागल्या, माणसं गेली, त्यानंतर सरकारने बॅटरीचे एआयएस-१५६ आणि एआयएस-०३८ हे नियम कडक केले. गल्लीतल्या कुणीही पॅक उघडावा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण मग उघडणारी माणसं तयार करा की. आयटीआयमध्ये मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल असा ट्रेड आलेला आहे, पोरं शिकतायत, त्यांना कंपनीने मॉड्यूल विकत द्यायला नको, सॉफ्टवेअरला परवानगी द्यायला नको, तर ती शिकून काय करणार, शोरूमला गाड्या धुणार? केंद्राच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात मोबाईल, शेतीची अवजारं यांच्याबरोबर वाहनं पण आहेत. मोटर सायकलच्या स्पेअर पार्टची किंमत जशी काउंटरवर विचारता येते तशी बॅटरीच्या एका मॉड्यूलची विचारता आली पाहिजे.

आणि जीएसटी. हे ऐकून माझ्या कारखान्याच्या सीएला पण आश्चर्य वाटलं होतं. नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली तर जीएसटी ५ टक्के, आत बॅटरीसकट. तीच बॅटरी जुन्या गाडीसाठी सुटी घेतली तर १८ टक्के. तीन लाखाच्या बॅटरीवर ५४ हजार, ५ टक्क्यांनी असता तर १५ हजार. म्हणजे जो माणूस जुनी गाडी जपून अजून आठ वर्षं चालवायला बघतोय त्याच्याकडून ३९ हजार जास्त घ्यायचे, आणि जो ती टाकून नवी घेतो त्याला सवलत. पर्यावरणासाठी म्हणून सवलत आहे ना? मग जुनी चालवणाऱ्यानेच पर्यावरणाचं जास्त भलं केलंय. गाडीच्या जुन्या पॅकच्या बदल्यात घेतलेल्या बॅटरीला तरी ५ टक्के लावावा, त्यासाठी नवीन योजना, समिती वगैरे काही लागत नाही, जीएसटी कौन्सिलने एक ओळ बदलायची.

काढलेल्या बॅटरीचं काय, हे पण लोक विचारतात, ती काय उजनीत टाकणार का म्हणून. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत गोळा करून तिच्यातला माल काढायची जबाबदारी उत्पादकाची आहे, आणि ७० टक्के उरलेली बॅटरी गाडीला कमी पडली तरी सोलारच्या साठवणीला वर्षानुवर्षं चालते. पण तिथेही तेच येतं, किती उरलीय हे लिहिलेलं असेल तरच तिला भाव मिळेल, नाहीतर ती वजनावर जाणार.

भावजींच्या गाडीचं सांगायचं राहिलं. पुण्यात बॅटरीचं काम करणारं एक स्वतंत्र वर्कशॉप सापडलं, ट्रकवर घालून गाडी नेली, त्यांनी ते एक मॉड्यूल बदललं, बाकीचे सेल बरोबरीला आणले, सगळं मिळून ४८ हजार झाले, ट्रकचे वेगळे. ते मॉड्यूल कुठून आणलंत विचारलं तर अपघातातल्या गाडीचं म्हणाले, कारण नवं विकत मिळतच नाही. आता गाडी एका चार्जमध्ये तुळजापूरला दोनदा जाऊन येते. भावजींनी तसलं डोंगल स्वतः घेतलंय, महिन्याच्या एक तारखेला लावतात आणि सगळ्यात वरचा सेल, सगळ्यात खालचा सेल, किलोमीटर आणि त्या दिवशीचं तापमान वहीत लिहून ठेवतात. ती वही गाडीत आरसी बुकच्या शेजारी असते, पुढे जो कुणी ही गाडी घेईल त्याला देण्यासाठी.